टेपने ५२८ फूट, करारात ८६५. फ्लॅट नक्की केवढा आणि मेंटेनन्स कशावर?

शिवणटेप:

नमस्कार मंडळी. मी घरी शिवणकाम करते, पंचवीस वर्षं होतील. गेल्या महिन्यात स्वतःच्याच घराचे पडदे शिवायला घेतले म्हणून खिडक्या मोजल्या. टेप हातात होतीच, मग भिंतीही मोजल्या, आणि तिथून डोक्याला भुंगा लागला.

मापं देते. हॉल १२३ इंच बाय १८६. स्वयंपाकघर ९६ बाय १०८. मोठी बेडरूम १२० बाय १३८, लहान १२० बाय १२०. दोन्ही संडास-बाथरूम ४८ बाय ८४. मधला बोळ ३९ बाय ९६. मुलगा कॅल्क्युलेटरवर १० फूट ३ इंच म्हणजे १०.३ असं मारत होता, त्याला बाजूला बसवलं. सगळं इंचातच गुणलं, बेरीज केली, १४४ ने भागलं. ५२८ चौरस फूट आले. हॉलची बाल्कनी (५४ बाय १२०) आणि ड्राय बाल्कनी (४२ बाय ७२) यात धरलेली नाही, ती दोन्ही मिळून ६६ होतात.

करारनाम्यात आमचा फ्लॅट ८६५ चौरस फूट आहे.

इमारत २००९ ची, पुण्याच्या उपनगरातली, ४० फ्लॅट. आम्ही २०१९ मध्ये रिसेलमध्ये घेतला. एजंट म्हणाला होता, "सहा हजारांचा रेट, यापेक्षा स्वस्त या भागात मिळणार नाही." ८६५ गुणिले ६,००० म्हणजे ५१ लाख ९० हजार मोजले. आता ५२८ ने भागून बघितलं तर रेट पडतो ९,८०० च्या वर. मध्ये ३३७ फूट गेले कुठे? आमचा हॉल दोनदा बसून वर जागा उरेल एवढं क्षेत्र आहे ते.

आणि हे एकदाच झालं असतं तर म्हटलं असतं गेलं. पण सोसायटी मेंटेनन्ससुद्धा त्या ८६५ वरच लावते. फुटाला पावणेतीन रुपये, म्हणजे महिन्याला २,३७९. माझ्या ५२८ वर लावला असता तर १,४५२ झाला असता. जी जागा मला दिसत नाही तिचा झाडलोटीचा खर्च मी का द्यायचा?

यजमान म्हणतात सगळ्यांचंच असं असतं, गप्प बस. पण माझ्याकडे ब्लाउजला ८० सेंटिमीटरचा पीस आणून कुणी मीटरचा आहे म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. माप म्हणजे माप. जाणकारांनी सांगा: खरा आकडा कोणता, आणि बिल कशावर यायला हवं?


जुना ओव्हरसियर:

ताई, साइटवर ३४ वर्षं काढली, आता घरी आहे. तुमचं गणित वाचून बरं वाटलं. इंचात गुणून १४४ ने भागणारी माणसं आता राहिली नाहीत.

तरी आधी टेपबद्दल. कापडी टेप असेल तर जुनी झाली की ती ताणते. स्टीलच्या टेपशी एकदा ताडून बघा.

आता आकडे. एका फ्लॅटचे पाच-सहा आकडे असतात आणि त्यातले बहुतेक आपापल्या जागी खरे असतात. भांडण होतं ते एकाचं नाव दुसऱ्याला लावल्यामुळे.

तुमचे ५२८ म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंतची उघडी फरशी. तेही प्लॅस्टर झाल्यावरची. नकाशात माप बहुधा विटेच्या भिंतीचं असतं. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच प्लॅस्टर धरलं तरी तुमच्या खोल्यांत मिळून नऊ-दहा फूट तिथेच जिरतात. ही काही चोरी नाही.

त्यात आतल्या भिंती मिळवा. रेरा म्हणजे बिल्डर आणि घरखरेदीबद्दलचा केंद्राचा कायदा, २०१६ चा, पूर्ण लागू झाला १ मे २०१७ ला. त्यात कार्पेटची, म्हणजे चटई क्षेत्राची, व्याख्या पहिल्यांदा देशभर एकच झाली: घरातली वापराची जागा अधिक आतल्या पार्टिशनच्या भिंती. बाहेरच्या भिंती त्यात नाहीत, डक्ट नाहीत, आणि फक्त तुमच्या वापराची बाल्कनी किंवा टेरेसही नाही. टू बीएचकेत आतल्या भिंतींची लांबी ४५ ते ५५ फूट निघते. दाराच्या चौकटीपाशी टेप आडवी लावा, भिंतीची जाडी कळेल. पाच इंच असेल आणि लांबी ५० फूट असेल तर २१ फूट वाढले. म्हणजे आजच्या भाषेत तुमचा रेरा कार्पेट ५४९ च्या आसपास.

पण तुमच्या फ्लॅटचा बिल्डरबरोबरचा मूळ करार २००९ च्या सुमाराचा. तेव्हा राज्यात १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट-मालकीचा कायदा होता. त्यात कार्पेट सांगताना बाल्कनी धरून सांगायची आणि तिचं क्षेत्र वेगळंही दाखवायचं, अशी तरतूद होती. ५४९ अधिक ६६ म्हणजे ६१५. कराराच्या मागच्या परिशिष्टात चौरस मीटरमध्ये एखादा आकडा सापडतो का बघा. लोक पहिली चार पानं वाचतात आणि सह्या करतात, खरा माल मागे असतो. मीटरला १०.७६४ ने गुणलं की फूट.

यावर बाहेरच्या भिंती, शेजाऱ्याबरोबरच्या सामाईक भिंतीचा अर्धा भाग असं सगळं मिळवलं की बिल्टअप. तुमच्या आकाराच्या घराला ५० एक फूट वाढतात, म्हणजे ६६५ धरा.

इथपर्यंतचं सगळं टेपने मोजता येतं. पुढचं येत नाही. ६६५ वर जिना, लिफ्ट, लॉबी, वॉचमनची केबिन, वरची मशीनरूम, कुठे कुठे क्लबहाउस, यांचा "हिस्सा" चढवला की झालं सुपर बिल्टअप, ज्याला बिल्डर सेलेबल म्हणतो. या चढवण्याला म्हणतात लोडिंग. ६६५ वर ३० टक्के चढवा: ८६४ पूर्णांक पाच. हे तुमचे ८६५.

आता गंमत बघा. बिल्डरने त्या वेळी "आमचं लोडिंग फक्त ३० टक्के" असंच सांगितलं असणार, आणि ते खोटं नव्हतं. बिल्टअपवर ३०. बाल्कनी धरलेल्या कार्पेटवर तेच ४१ टक्के होतं. रेराच्या कार्पेटवर ५७ ते ५८. लोडिंग किती हे विचारायच्या आधी कशावर हे विचारायचं. मी साइटवर असताना हे विचारणारं गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याएवढं भेटलं.

जाता जाता: भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ३८६१ म्हणून एक मानक आहे. त्यातल्या कार्पेटमध्ये स्वयंपाकघर नाही, संडास-बाथरूम नाही, बोळही नाही. त्या हिशोबाने तुमचं घर ३७४ फुटांचं. तेवढ्यावर मेंटेनन्स मागून बघा, कमिटीचे चेहरे बघण्यासारखे होतील.


पार्किंगग्रस्त:

लोडिंगमध्ये लॉबीचे पैसे आपण भरतो आणि लॉबीत चपलांचं कपाट मात्र थ्री बीएचकेवाल्याचं असतं. आमच्याकडे तर बिल्डरने लोडिंगही लावलं आणि इमारतीखालचं खांबांमधलं स्टिल्ट पार्किंगही वेगळं विकलं. पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय की मोफाखाली स्टिल्ट पार्किंग हा स्वतंत्र विकायचा फ्लॅट नव्हे, ती सामाईक जागा. आमची पावती त्याच्या आधीची. फ्रेम करून ठेवलीये.


माजी खजिनदार:

शिवणटेप ताई, तुमचे प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत अडकलेत. विकत घेताना किती फूट मोजले हा एक. महिन्याचं बिल कशावर हा दुसरा. पहिला ओव्हरसियर साहेबांनी सोडवला. दुसऱ्यात मी आठ वर्षं घालवली आहेत.

सगळ्यात आधी बिलाच्या माथ्यावर काय छापलंय ते बघा. "सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित" आणि नोंदणी क्रमांक असेल तर एक कायदा. "अपार्टमेंट कंडोमिनियम" असेल तर दुसरा. पुण्यात दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि बोलताना सगळे सोसायटीच म्हणतात.

सहकारी संस्था असेल तर आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली बघा. प्रत्येक खर्च कसा वाटायचा ते त्यात बाबवार लिहिलंय, आणि सरसकट चौरस फूट हे उत्तर त्यात नाही. सेवा शुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, हिशोबनीस वगैरे, सगळ्या फ्लॅटना सारखं. लिफ्टचा खर्च लिफ्ट असलेल्या इमारतीत सगळ्यांना सारखा, तुम्ही चढा नाहीतर चढू नका. पाणी घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर. विमा बिल्टअपवर. आणि दोन निधी: देखभाल-दुरुस्ती निधी वर्षाला किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी) किमान पाव टक्का, दोन्ही फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, जमिनीची किंमत सोडून. मोठ्या फ्लॅटला वॉचमन जास्त जागत नाही, पण त्याचं छत आणि प्लॅस्टर जास्त असतं, असा त्यामागचा विचार. सेवा शुल्क फ्लॅटच्या आकारावर लावायचं नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केलंय.

आता जरा कटू सांगतो. ८६५ ऐवजी ५२८ वर बिल आलं तर १,४५२ होईल हे तुमचं गणित चुकीचं आहे. सोसायटीला महिन्याला जेवढे पैसे लागतात तेवढे लागणारच. सगळ्यांचं क्षेत्र एकाच प्रमाणात कमी केलंत तर दर तेवढाच वर जाईल. रेरा कार्पेटवर न्या, पावणेतीनचे ४ रुपये ३३ पैसे होतील आणि तुमचं बिल पुन्हा २,३७९. रांजण तोच आहे, वाटी बदलून पाणी कमी लागत नाही.

तुमच्या इमारतीत कोणते फ्लॅट किती आहेत ते सांगा, मी मांडून दाखवतो.


शिवणटेप:

खजिनदार दादा, बिल काढून बघितलं. सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, नोंदणी क्रमांकासकट. वन बीएचके १२ आहेत, ५९० फुटांचे. टू बीएचके २०, आमच्यासारखे. थ्री बीएचके ८, १,२४० फुटांचे. हे सगळे बिलातले आकडे.

१,४५२ बद्दल तुमचं पटलं, पण पटायला रात्र गेली.


माजी खजिनदार:

घ्या. एकूण सेलेबल ३४,३०० फूट, पावणेतीनने महिन्याला ९४,३२५ रुपये जमतात. पाण्याचा आणि विम्याचा वेगळा हिशोब सध्या बाजूला ठेवू.

इमारत २००९ ची, बांधकाम खर्च फुटाला १,२०० धरला (तुमच्या कागदांत असेल तो घाला) तर दोन्ही निधींचा मिळून वर्षाला एक टक्का म्हणजे १२ रुपये, महिन्याला बिल्टअप फुटाला बरोब्बर एक रुपया. वन बीएचकेचे ४५४, तुमचे ६६५, थ्री बीएचकेचे ९५४. त्यातून साधारण २६,३८५ जमले. उरलेले ६७,९४० चाळीस घरांत सारखे वाटले तर प्रत्येकी १,६९८.

बेरीज करा. वन बीएचके आज १,६२२ भरतो, तो जाईल २,१५२ वर. थ्री बीएचके ३,४१० वरून उतरेल २,६५२ वर. आणि तुम्ही २,३७९ वरून याल २,३६४ वर. पंधरा रुपये.

कायद्याने तुमची तक्रार बरोबर आहे. फायदा मात्र थ्री बीएचकेवाल्यांचा आहे.


मोठ्या फ्लॅटमधला लहान माणूस:

थ्री बीएचकेवाला बोलतोय, दगड मारू नका. आमच्या घरी दोघंच आहोत. समोरच्या वन बीएचकेमध्ये सहा माणसं. लिफ्ट कोण जास्त वापरतं, कचरा कुणाचा जास्त? तरी बारा वर्षं दुप्पट भरतोय. सभेत उपविधीचा विषय काढला की लोक म्हणतात, "साहेब, तुम्हाला काय कमी आहे?" कमी काही नाही हो, पण प्रश्न तो नाहीये.


डिक्लरेशनवाली:

आमचं कंडोमिनियम आहे, १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं, म्हणून लिहिते. आमच्याकडे समान वाटणी नाही. डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या घोषणापत्रात, प्रत्येक अपार्टमेंटसमोर सामाईक जागेतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत छापलेला असतो, आणि सामाईक खर्च त्याच टक्क्याने वाटायचा. त्यामुळे खजिनदारांचा धागा वाचून कुणी कंडोमिनियमच्या सभेत समान मेंटेनन्स मागायला उठू नये. मी उठले होते. खाली बसावं लागलं.


कुर्ला ते ठाणे:

तुमच्याकडे घर मोठं दाखवायची चढाओढ दिसते. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फूट कार्पेटपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. आमच्या मजल्यावर विकताना ७२० सांगितलेलं घर कराची गोष्ट निघाली की लगेच ४९५ चं होतं.


शिवणटेप:

ओव्हरसियर काका, करार काढला. नेफ्थलीनच्या गोळ्यांचा वास. मागून तिसऱ्या पानावर, परिशिष्टात, बारीक अक्षरात: "चटई क्षेत्र बाल्कनीसह ५७.१३ चौ. मी." गुणून बघितलं, ६१५. तुम्ही घर न बघता सांगितलं होतंत. भिंतीची जाडीही मोजली, पाच इंचच भरली. टेप स्टीलच्या टेपशी ताडली, ती ठीक आहे. दर दिवाळीला बदलते मी.

म्हणजे ६१५ मोफाचे, ५४९ रेराचे, ५२८ माझ्या टेपचे, आणि ८६५ बिल्डरच्या मनातले. आमच्यात शिवणाला थोडं कापड जास्त सोडतात त्याला माया म्हणतात. पुढे कपडा उसवून वाढवता येतो म्हणून सोडायची. बिल्टअपवर चढवलेल्या या दोनशे फुटांच्या मायेतून उसवून काय निघणार, देव जाणे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आमच्या डोक्यावर जे राहतात त्यांच्याकडे ब्लाउजची मापं घ्यायला गेले होते. बोलता बोलता विषय निघाला. त्यांनीही करार आणला. नकाशा तोच, परिशिष्टातला आकडा तोच ५७.१३. हॉल मी मोजला, १२३ बाय १८६, एका इंचाचाही फरक नाही. आणि पहिल्या पानावर सेलेबल ८४०!

त्यांचं बिल २,३१०. माझं २,३७९. एकाच नकाशाची दोन घरं, वर-खाली, आणि महिन्याला पावणेएकोणसत्तर रुपयांचा फरक. वर्षाचे ८२५. मग मला राहवेना. ओळखीच्या घरांत विचारत गेले (शिवणकामामुळे सगळीकडे जाणं-येणं आहे), तर टू बीएचकेपैकी पाच घरं ८४० ची निघाली. हे कसं?


जुना ओव्हरसियर:

सोपं आहे. ८४० भागिले ६६५ करा. सव्वासव्वीस टक्के. बहुतेक ही पाच घरं सुरुवातीला बुक झालेली असणार. पहिल्या गिऱ्हाइकांना लोडिंग थोडं कमी लावायचं आणि काम वर गेलं की वाढवायचं, ही पद्धतच होती. रेटकार्डवर दर तोच दिसतो. दर वाढला की गिऱ्हाईक बिचकतं, फूट वाढले की उलट खूश होतं, घर मोठं मिळालं म्हणून. आमच्या एका साइटवर तर विक्रीच्या ऑफिसात सेलेबलची तीन कोष्टकं होती. ड्रॉइंग एकच.

म्हणून म्हणतो, सेलेबल हा मापाचा आकडा नाही, सौद्याचा आहे. सौदा संपला की त्याचं काम संपलं. तुमच्या कमिटीने तो सौद्याचा आकडा उचलून बिलात घातला, आणि बिल्डर निघून गेल्यावरही त्याचं कोष्टक पंधरा वर्षं चालू राहिलं.


नवा ताबा:

गेल्या वर्षी नवीन फ्लॅट घेतलाय म्हणून रेराखाली काय दिसतं ते सांगतो. जाहिरातीत, करारात सगळीकडे कार्पेटच. बाल्कनी वेगळ्या ओळीत. सेलेबल हा शब्द कागदावर नव्हता, सेल्सवाल्याच्या तोंडात मात्र होता. "सर, सेलेबलमध्ये बघितलंत तर रेट एकदम वाजवी आहे."

सामाईक जागेचे पैसे गेलेत असं समजू नका, ते आता कार्पेटच्या दरात मुरलेत. पण निदान दोन बिल्डरांचे दर शेजारी ठेवून बघता येतात, हा फायदा मोठा. फक्त बाल्कनीकडे लक्ष ठेवा. आमच्या पसंतीच्या दोन प्रकल्पांत कार्पेट जवळजवळ सारखा होता, पण एकात बाल्कनी ४० फूट आणि दुसऱ्यात ९५. दर फक्त कार्पेटवर काढला की बाल्कनीवाला महाग दिसतो.

अजून एक. करारात कलम असतं की भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर कार्पेट पक्का करायचा आणि फरक तीन टक्क्यांच्या आत असायला हवा. कमी भरला तर जास्त घेतलेले पैसे व्याजासह ४५ दिवसांत परत. वाढला तर त्याच दराने तुम्ही द्यायचे. आमचा ६१२ चा, म्हणजे साधारण १८ फुटांची सूट. मी ताब्याच्या दिवशी लेझर घेऊन गेलो तर साइट इंजिनिअर म्हणाला, "सर, फर्निचरचं माप घ्यायचंय का?" म्हटलं हो. आतल्या भिंती धरून ६०७ भरला. बिल्डरने पाठवलेल्या अंतिम पत्रात मात्र बरोब्बर ६१२. पाच फुटांचं पत्र लिहिलंय, उत्तर आलेलं नाही.


शिवणटेप:

दोन दिवस विचार केला. खजिनदार दादांच्या हिशोबाने गेले तर माझे पंधरा रुपये वाचतील आणि तळमजल्यावरच्या वन बीएचकेमधल्या आजींचे ५३० वाढतील. त्या पेन्शनवर आहेत, एकट्या राहतात, लिफ्टचं बटण कुठे आहे हेही त्यांना माहीत नसेल. कायदा काय म्हणतो ते कळलं. ते चुकीचं आहे असंही नाही, वरच्या थ्री बीएचकेवाल्या भाऊंचं वाचून त्यांचंही पटलं. पण सभेत उठून ते मागायला माझी जीभ रेटायची नाही.

मी एवढंच मागणार आहे की बिलातून सेलेबल काढा आणि परिशिष्टातलं चटई क्षेत्र घाला. ज्यांचा नकाशा सारखा त्यांचं बिल सारखं. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरीच्या आत व्हायलाच हवी, त्याआधी लेखी अर्ज देते.

यजमानांनी लगेच हिशोब केला. पाच घरांचे २५-२५ फूट वाढले तर महिन्याला ३४४ रुपये जास्त जमतील, ते चाळीस घरांत वाटून दर उतरवला तर माझ्या बिलात फरक साडेआठ-नऊ रुपयांचा. हसून हसून त्यांना ठसका लागला. हसू देत. वरच्यांना मात्र अजून सांगितलेलं नाही की त्यांचं बिल वाढणार आहे, आणि त्यांचे तीन ब्लाउज माझ्याकडे आहेत.

खजिनदार दादा, अर्जात उपविधीचा क्रमांक घालू का? घातला तर वजन येईल ना?


माजी खजिनदार:

वजन येईल. पण क्रमांक घातलात की सचिव उपविधींचं पुस्तक उघडणार, आणि ते पान उघडलं की सेवा शुल्क समान हे वाक्य सगळ्यांसमोर येणार. मग विषय तुमच्या हातात राहत नाही. आठ थ्री बीएचकेवाले त्याच सभेत मागणी करतील, आणि नाकारली तर सहकार न्यायालयात जातील. तिथे त्यांची बाजू भक्कम आहे.

क्रमांक न घालता "एकाच मंजूर नकाशाच्या फ्लॅटना वेगळं क्षेत्र का" एवढंच विचारलंत तरी प्रश्न उभा राहतो. ८४० आणि ८६५ ची दोन बिलं आणि दोन्ही परिशिष्टांच्या झेरॉक्स जोडा, जास्त लिहू नका.

मी आमच्याकडे क्रमांक घातला होता. ठराव झाला, बिलं नियमाप्रमाणे झाली. वन बीएचकेवाल्यांनी दोन गणपती मला आरतीला बोलावलं नाही.